सेकंडहँड लॅपटॉप दुपारी तापून बंद पडतो – खान्देशातल्यांनी उपाय सांगावेत

केळीची_बाग
नमस्कार मंडळी. मी चोपड्याची. घरूनच डीटीपी करते आणि दोन-तीन दुकानांचं टॅली बघते. हिवाळ्यात सेकंडहँड लॅपटॉप घेतला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह (८२५०यू), ८ जीबी रॅम, एसएसडी. कुठल्याशा मोठ्या ऑफिसातून निघालेला माल आहे म्हणे.

होळीपर्यंत एक तक्रार नव्हती. एप्रिल लागला आणि याचं तंत्र बिघडलं. दुपारी बारानंतर पंखा इतका घोंघावतो की फोनवरचा माणूस विचारतो, "ताई, गिरणीत आहात का?" मग सगळं हळू होतं आणि जास्त ताणलं तर स्क्रीन काळी, सरळ बंद. बाजूच्या जाळीतून येणारी हवा बोटांना सोसत नाही.

दुकानदार म्हणतो, उन्हाळ्यात सगळ्यांचेच तापतात. भाचा म्हणतो, कूलिंग पॅड घे. आमचे हे म्हणतात, कूलरसमोर ठेव. तिघांचंही ऐकायचं की कुणाचंच नाही? मेमध्ये दोन लग्नपत्रिकांची कामं आहेत, मशीन बदलायला पैसे नाहीत.

तापीकाठ
मना बी असाच तपस भो. दुपारले त्यानावर बिबड्या टाकी द्या, वाळी तरी जातीन.

मुळाकाठचा
पुण्यातही पारा ४० च्या वर जातो, पण असा त्रास नाही. खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती ठेवा, टेबल खिडकीजवळ घ्या. निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

यावल_नाका
@मुळाकाठचा, दादा, आमच्याकडे सकाळी दहालाच खिडक्या लावून ओले पडदे सोडतात. दुपारी एकला खिडकी उघडली तर लॅपटॉपच्या आधी माणूस बंद पडेल.

सोल्डरवाला
भुसावळला रिपेअरिंगचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

ताई, आधी उन्हाचा दोष आणि मशीनचा दोष वेगळा करा. प्रोसेसरचं तापमान दाखवणारं कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअर टाका, दोन्ही फुकट मिळतात. पहाटे घरात अठ्ठावीस-तीस अंश असताना रोजचंच काम अर्धा तास करा आणि आकडा बघा. मग तेच काम दुपारी. पहाटेही नव्वदच्या वर जात असेल तर भानगड आत आहे. पहाटे सत्तर आणि दुपारी पंच्याऐंशी असेल तर खोलीचा प्रश्न.

तुमचा प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आला की स्वतःहून वेग कमी करतो. हळू होणं हा त्याचा बचाव आहे, त्याला बिघाड म्हणू नका. पण वेग उतरवूनही बंद पडतोय म्हणजे उष्णता बाहेरच पडत नाही. मला ९९ टक्के आतलीच भानगड वाटते.

ऑफिसातून निघालेली मशीनं कित्येक वर्षं रोज आठ-दहा तास चाललेली असतात. विकणारा वरून पुसतो, एसएसडी टाकतो, कीबोर्ड चकचकीत करतो. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, कोण उघडतो? उघडला की दोन गोष्टी हमखास दिसतात. प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून तिच्यात भेगा पडलेल्या असतात आणि पंखा व हीटसिंकच्या बारीक पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा जाड थर बसलेला असतो. हा थर बाहेरून दिसत नाही. जाळीतून फुंकर मारून तर अजिबात निघत नाही, पंखा काढावाच लागतो.

जिनिंगमागचं_घर
+१. आमचं घर जिनिंगच्या मागच्या गल्लीत. कापूस सुरू झाला की दिवाळीपासून मार्चपर्यंत रुईचे तंतू हवेतच असतात. मुलाच्या लॅपटॉपमधून जे निघालं त्याची वात झाली असती. नुसत्या धुळीचं काही नाही, पण धूळ, तंतू आणि स्वयंपाकघराचा तेलकट धूर एकत्र आले की घट्ट बसतं.

एक शंका. आमच्याकडे बरेच जण पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारून घेतात. चालतं का?

सोल्डरवाला
@जिनिंगमागचं_घर, नका करू. त्या टाकीत पाणी साचलेलं असतं, थोडं तेलही येतं, ते सगळं बोर्डावर उडतं. दुसरं, पंखा मोकळा ठेवून झोत मारला की तो भलत्याच वेगाने फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. आमच्या टेबलावर येणाऱ्या खरखर करणाऱ्या पंख्यांपैकी बरेच असेच 'साफ' केलेले असतात. मऊ ब्रश, हातातला छोटा ब्लोअर, आणि पात्यांमध्ये टूथपिक अडकवून पंखा धरून ठेवायचा. एवढं पुरतं.

आमरस_मांडे
मूळ प्रश्नालाच माझा आक्षेप आहे. मे महिन्यात दुपारी काम करायचंच कशाला? आमरस आणि मांडे जेवून आडवं व्हावं. लॅपटॉपही थंड, माणूसही थंड.

केळीची_बाग
@आमरस_मांडे, मांडे करणारी मीच आहे दादा. त्या खापरापेक्षा लॅपटॉप परवडला.

यावल_नाका
😂😂 ताईंनी एका वाक्यात झोपवलं.

धुळे_मास्तर
कूलरचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. शाळेत विज्ञान शिकवतो, सवय जात नाही.

आधी हिशेब. तेच काम चालू असेल तर प्रोसेसर खोलीपेक्षा साधारण ठरावीक अंशांनीच गरम राहतो. पंचवीसच्या खोलीत ७० वर असणारं मशीन ४३ च्या खोलीत ८८ च्या आसपास जाणार. त्यात मशीनचा काही दोष नाही. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान दिलेलं असतं. आपल्याकडे मेमध्ये ३५ रात्री जेवताना असतं.

आता पंखा. छताचा पंखा हवा थंड करत नाही, आपला घाम वाळवतो म्हणून आपल्याला गार वाटतं. लॅपटॉपला घाम नाही, त्यामुळे हलत्या हवेचा जो थोडा फायदा होईल तेवढाच. कूलर मात्र हवा खरोखर थंड करतो, कारण पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते. मेमधल्या दुपारी आपली हवा कोरडी ठणठणीत असते, म्हणून चांगला कूलर ४३ ची हवा तिशीच्या आसपास आणू शकतो. जुलैत दमटपणा वाढला की त्याच कूलरचा नुसता पंखा होतो.

तेव्हा ताई, तुमचे हे अर्धे बरोबर आहेत. कूलर लावा, पण खोली थंड करायला. लॅपटॉप थेट झोतात नको.

जुनं_धाबं
मास्तर, थोडी असहमती. कूलरच्या दमट हवेने आतल्या बोर्डावर पाणी धरत नाही का? माझ्या चुलतभावाचा लॅपटॉप कूलरजवळच गेला.

धुळे_मास्तर
@जुनं_धाबं, दव बसतं ते भोवतालच्या हवेपेक्षा थंड असलेल्या वस्तूवर. चालू लॅपटॉप खोलीपेक्षा गरमच असतो, तिथे दव धरणार नाही. भीती आहे ती थेंबांची. कूलरच्या गवताच्या पॅडवर पाणी जास्त झालं, की पंखा बारीक तुषार बाहेर फेकतो. त्यात आपलं बोअरचं पाणी क्षाराचं. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तो बोर्डावर बसला तर काय होईल बघा. चुलतभावाचं बहुधा तसंच झालं असावं. चार-पाच फूट लांब, तिरक्या बाजूला ठेवायचा.

जुनं_धाबं
हे पटलं. पण मग माझा उपाय त्याहून स्वस्त आहे. आमचं अमळनेर तालुक्यातलं जुनं घर धाब्याचं आहे, वर मातीचा जाड थर. पुढच्या पत्र्याच्या खोलीत आणि मागच्या माजघरात दुपारी इतका फरक असतो की अंगाला कळतो. मी टेबलच माजघरात नेलंय. ज्यांच्याकडे अशी खोली आहे त्यांनी तिचं स्लॅब करायच्या आधी एक उन्हाळा विचार करावा.

तापीकाठ
धाब्याना घरले पावसायामा गळती लागस, ते कोन सांगी?

जुनं_धाबं
@तापीकाठ, त्याला दरवर्षी खारी माती टाकावी लागते. आळस केला की गळणारच. आमच्याकडे अजून टाकणारे गडी मिळतात. पूर्वी आख्खी गल्ली अक्षय्य तृतीया झाली की धाब्यावर चढायची…

धागा_पहारेकरी
धाब्याच्या घरांवर वेगळा धागा काढावा ही विनंती. इथे लॅपटॉपबद्दल बोलू या.

गिगाहर्ट्झ
सगळे घर थंड करायला निघालेत. मशीनमध्ये उष्णता तयार होतेय ती कमी करा की. हा प्रोसेसर मुळात १.६ गिगाहर्ट्झचा. टर्बो लागला की ३.४ पर्यंत पळतो, आणि त्या शेवटच्या टप्प्यात वेग थोडा वाढतो पण वीज आणि उष्णता भरमसाट वाढते. टॅलीला त्याची काय गरज?

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज', तिथे 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट', त्यात 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट'. १०० चं ९९ करा. टर्बो बंद. पंखा तिथल्या तिथे शांत होतो. पैसा लागत नाही, स्क्रू उघडावा लागत नाही.

पैसा_वसूल
म्हणजे ३.४ चे पैसे मोजायचे आणि १.६ वर चालवायचा? मग चौथ्या पिढीचाच घ्यायचा होता.

गिगाहर्ट्झ
@पैसा_वसूल, ३.४ तुम्हाला दुपारी तसाही मिळत नाही. दहा सेकंद मिळतो, मग शंभरला टेकून तो आपोआप खाली येतो, परत वर जातो, परत खाली. त्या हेलकाव्यात काम जास्त अडकतं. दुपारी ९९ आणि रात्री १०० ठेवा. दोन पॉवर प्लॅन करून ठेवले की दोन क्लिकचं काम.

सोल्डरवाला
गिगाहर्ट्झ यांचा उपाय चांगला आहे, आजच करा. पण त्याने आतला धुळीचा थर जात नाही हे लक्षात असू द्या. टर्बो बंद केल्यावर बरं वाटतं म्हणून लोक साफसफाई पुढे ढकलतात आणि पुढच्या एप्रिलला परत इथे धागा काढतात.

पारोळा_पोरगी
कूलिंग पॅडबद्दल कुणी बोलेना. मी वापरते, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी. माझ्या लॅपटॉपला खालून हवा घेणारी जाळी आहे आणि पॅडचा पंखा नेमका तिच्याखाली येतो, म्हणून चार-पाच अंशांचा फरक पडतो. मैत्रिणीच्या मशीनला खालून जाळीच नाही. तिच्या पॅडचे निळे दिवे तेवढे छान दिसतात. आधी लॅपटॉप उलटा करून बघा, मग पैसे घाला. नाहीतर मागच्या बाजूला दोन बाटल्यांची झाकणं ठेवून उचला, तेवढ्यानेही हवा आत जाते. आणि गादीवर, उशीवर कधीच नाही.

रावेर_पॅसेंजर
ताई, चार्जर ओरिजिनल आहे का? सेकंडहँडसोबत बऱ्याचदा लोकल चार्जर देतात. काही मशीनं चार्जर ओळखू आला नाही की प्रोसेसर मुद्दाम खूप खाली आणून ठेवतात, तापमान साधं असलं तरी. थंड असताना पण हळू असेल तर तिकडे बघा. आणि इन्व्हर्टर जुन्या स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाईट गेल्यावर चार्जर गुणगुणतो, जास्त तापतो. शक्यतो तेव्हा बॅटरीवर चालवा.

पेंग्विनभाऊ
लिनक्स टाका. त्यात टीएलपी आणि थर्मल्डी ही वीज-तापमान सांभाळणारी सॉफ्टवेअरं टाकली की विषय संपला.

केळीची_बाग
@पेंग्विनभाऊ, भाऊ, टॅली आणि माझे जुने मराठी फॉन्ट तुम्ही चालवून देणार का? 🙏

बाकी सगळ्यांचे आभार. पहाटेची परीक्षा केली. घर ३० च्या आत असताना नुसतं कोरल ड्रॉ उघडलं तर ९४! म्हणजे सोल्डरवाले दादा म्हणाले तेच. चार्जर ओरिजिनल निघाला. ९९ चं सेटिंग केलंय, पंखा कमी ओरडतो. आता उघडायला कुणाकडे देऊ? आणि देताना काय सांगू? नाहीतर माणूस नुसता ब्रश फिरवून पैसे घेईल.

सोल्डरवाला
जळगावला गोलाणी मार्केटमध्ये दुकानं भरपूर आहेत, कुणाचं नाव घेत नाही. जो तुमच्यासमोर उघडायला तयार असेल त्याच्याकडेच द्या. सांगायचं ते असं:

आधी बॅटरी तोडायची. काही मॉडेलला बायोसमधूनच (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधूनच) आतली बॅटरी बंद करता येते, बाकीच्यांचा कनेक्टर काढायचा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसायची, नखाने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडायची नाही. नवी पेस्ट कोणती लावणार ते आधी विचारा. मोबाइलवाल्यांकडे एक स्वस्त पांढरी पेस्ट असते, ती लॅपटॉपला नको, वर्षभरात सुकते. आर्क्टिकची एमएक्स-४ किंवा त्या तोडीची कुठलीही चालेल. लॅपटॉपच्या प्रोसेसरला वर धातूचं झाकण नसतं, उघडी चिप असते, त्यामुळे चिपचे कोपरे न सोडता पातळ थर हवा. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ कोरलेलं असतं, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळायचे. एकच बाजू आधी आवळली तर पेस्ट एका बाजूला पळते.

आणि मेमरी किंवा पॉवरच्या चिपांवर रबरासारख्या थर्मल पॅडच्या पट्ट्या असतील तर त्या परत जागेवर गेल्या की नाही ते डोळ्यांनी बघा. तिथे पेस्ट भरून चालत नाही, फट जास्त असते.

पैसा_वसूल
एवढं सगळं माहीत असतं तर आम्हीच दुकान टाकलं असतं.

सोल्डरवाला
टाका की. मेमध्ये गिऱ्हाईक कमी पडणार नाही, माझी गॅरंटी.

केळीची_बाग
काल काम झालं. जे निघालं ते सांगते.

पेस्ट अगदी सुकलेली, पंख्यामागे राखाडी थर. ते अपेक्षित होतंच. पण दोन गोष्टी इथे कुणी सांगितल्या नव्हत्या. लॅपटॉपच्या खालचे चारपैकी तीन रबरी पाय गायब होते. त्यामुळे मशीन टेबलाला चिकटून बसायचं आणि खालची जाळी जवळपास बंद. आणि विकणाऱ्याने तळाला चकचकीत काळं स्टिकर लावलं होतं, ओरखडे झाकायला. त्याने जाळीच्या दोन ओळी झाकल्या होत्या! कारागिराने ब्लेडने कापून काढल्या आणि नवे पाय चिकटवले.

आज दुपारी बाहेर ४४, खोलीत कूलर लांब ठेवून ३३. पत्रिकेचं तेच काम, टर्बो चालू ठेवून ८१. टर्बो बंद करून ६८. पंखा फिरतोय पण फोनवर कुणी गिरणी विचारत नाही.

धुळे_मास्तर
झकास. पाय गेलेले कुणाच्या लक्षात आलं नाही, हे बघून मीही घरचा लॅपटॉप उलटा केला. दोन नाहीत.

पारोळा_पोरगी
घ्यायच्या आधीच बघायच्या गोष्टी आहेत या. दुकानात फक्त चालू-बंद करून दाखवतात. तिथेच अर्धा तास मोठा व्हिडिओ लावून बसायचं, पंख्याचा आवाज ऐकायचा, मशीन उलटं करून पाय आणि स्टिकर बघायचं. दुकानदार चहा पाजेल, प्यायचा.

यावल_नाका
माझा थोडा वेगळा प्रश्न. लॅपटॉप आता तापत नाही, पण गेल्या उन्हाळ्यापासून टचपॅड वर आल्यासारखं वाटतंय. क्लिक दाबताना जोर लागतो. टेबलावर ठेवला की एका कोपऱ्यावर डुलतो.

सोल्डरवाला
@यावल_नाका, बॅटरी फुगली आहे, दुसरं काही नाही. आजपासून चार्जिंगला लावू नका. दाबून बसवू नका, टोचू नका, स्वतः उपसून काढायला जाऊ नका. बंद करून, गादी-पडद्यापासून लांब फरशीवर ठेवा आणि जमेल तितक्या लवकर दुकानात न्या. लिथियम बॅटरी आहे, पेटली तर विझवणं कठीण. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

बाकीच्यांसाठी: आपल्याकडे हे प्रमाण जास्त का, तर या बॅटऱ्या साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायच्या असतात आणि आपल्याकडे दुपारी खोलीच चाळिशीत असते. त्यात दिवसभर प्लग लावून १०० टक्क्यांवर ठेवली की ती लवकर म्हातारी होते. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. ती लावा.

यावल_नाका
बापरे. बंद करून ओट्यावर ठेवला.

सोल्डरवाला
ओट्यावर नको हो, ऊन आणि गॅस दोन्ही. सावलीत, फरशीवर.

यावल_नाका
अंगणातला ओटा म्हणालो, पण ऊन तिथेही आहेच. आत आणला. जिन्याखाली ठेवलाय, उद्या भुसावळला येतो. तुमचं दुकान स्टेशनच्या कुठल्या बाजूला?

सोल्डरवाला
व्यनि (वैयक्तिक निरोप) बघा.

आमरस_मांडे
येताना दुपारचं ऊन टाळा. आणि @केळीची_बाग, पत्रिका झाल्या असतील तर लग्नाचं आमंत्रण कुणाकुणाला, तेही इथेच लिहा.